कॉमिक्सवरच्या चित्रपटांची वाट आपण बघायची आणि निकाल टक्क्याने लावायचा?

तापीकाठ, जळगाव

'ॲव्हेंजर्स: डूम्सडे' आधी मे २०२६ मध्ये येणार होता, मग तारीख डिसेंबर २०२६ वर गेली. रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येतोय, पण आयर्न मॅन म्हणून नव्हे तर खलनायक डॉक्टर डूम म्हणून, हे जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये जाहीर झालं. तेव्हापासून आमच्या मित्रमंडळीत दुसरा विषय नाही. जळगावात माझ्या ओळखीची कितीतरी पोरं अशी आहेत की डूमचं एकही कॉमिक त्यांच्या हातात कधी पडलेलं नाही. तरी तो लॅटव्हेरियाचा राजा कसा झाला, मुखवटा का घालतो, 'फँटास्टिक फोर'मधल्या रीड रिचर्ड्सशी त्याचं वाकडं का, सगळं तोंडपाठ. असं वाट बघणं मला मनापासून आवडतं. पण अलीकडे त्याचा शेवट एका आकड्यावर होतो, आणि तेच मला खुपतंय.

चित्रपट शुक्रवारी लागणार असतो. त्याआधी परीक्षणं छापायची नाहीत, असं स्टुडिओने समीक्षकांकडून कबूल करून घेतलेलं असतं. मंगळवार-बुधवारी ती मुदत संपते आणि तासाभरात परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचा टक्का मोबाईलवर फिरायला लागतो. पंचेचाळीस आला की "राहू दे, ओटीटीवर बघू". नव्वद आला की लगेच बुकिंग. दोन-दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याचा निकाल पडदा उघडायच्या आधीच लागलेला.

बरं, हा टक्का म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. प्रत्येक परीक्षण 'अनुकूल' किंवा 'प्रतिकूल' या दोनपैकी एका खान्यात टाकतात. शंभरातली किती अनुकूल, तो टक्का. साठ किंवा वर गेला की ताजा, खाली राहिला की सडका. म्हणजे शंभर जणांनी "ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही" म्हटलं तर शंभर टक्के. आणि पन्नास जण वेडे झाले, पन्नास जण चिडून बाहेर आले, तर पन्नास. मला तर हा दुसरा चित्रपट आधी बघावासा वाटेल.

आकडेच बघायचे तर हे बघा. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' (२०१६) तीस टक्क्यांच्या आसपास अडकला, तरी जगभरात सत्त्याऐंशी कोटी डॉलर जमवले. पण अमेरिकेत दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाई जवळजवळ ७० टक्क्यांनी कोसळली, हेही खरं. 'व्हेनम' (२०१८) टक्क्यात तेवढाच, कमाई पंच्याऐंशी कोटी डॉलर. आणि 'थंडरबोल्ट्स' (२०२५)? समीक्षकांनी डोक्यावर घेतला, टक्का ऐंशीच्या पुढे, आणि जगभरची कमाई अडतीस कोटी डॉलरवर थांबली. मनातलं दुखणं, एकटेपण यांवर इतक्या सरळपणे बोलणारा चित्रपट मार्व्हलने फार थोड्या वेळा केला आहे, आणि आमच्याकडे तो दुसरा आठवडा पुरता बघू शकला नाही.

माझं म्हणणं एवढंच की समीक्षक आणि आपण दोन वेगळे प्रश्न घेऊन थेटरात बसतो. समीक्षक विचारतो, हा चित्रपट म्हणून उभा राहतो का? कॉमिक वाचलेला माणूस विचारतो, हा माझा बॅटमॅन आहे का? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण एकाच आकड्यात कोंबले की दोन्हीचं उत्तर हाती लागत नाही. आणि मराठीत तर पंचाईत आणखी मोठी. आपल्याकडच्या बहुतेक परीक्षणांत अर्धी जागा गोष्ट सांगण्यात जाते, दोन ओळी तांत्रिक बाजूंच्या, शेवटी तारे. मूळ कॉमिकमध्ये काय होतं, त्यातलं काय उचललं, काय सोडलं, आणि सोडल्याने काय बिघडलं किंवा सुधारलं, हे लिहिणारं माणूस मला मराठीत हवं आहे.

तुम्ही परीक्षण आधी वाचता की नंतर? आणि कुठल्या कॉमिकवरच्या चित्रपटाची सगळ्यात जास्त वाट पाहिलीत?

भुसावळ_जंक्शन

वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. दुसरं उत्तरच नाही.

आमच्या पिढीचं कॉमिक म्हणजे इंद्रजाल. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमनने १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं, तोवर आठशेच्या वर अंक निघाले. वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, पुढे आबिद सुरतींचा बहादूर. वडील रेल्वेत होते, त्यामुळे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर नवा अंक आला की खबर घरी पोचायची. क्वार्टर्समध्ये एक अंक विकत यायचा आणि दहा घरं फिरून कडा झिजवून परत यायचा.

ली फॉकने हा नायक १९३६ मध्ये आणला. माणूस एकच वाटतो, पण बापाकडून मुलाकडे चारशे वर्षं चालत आलेला वारसा; जंगलातले लोक समजतात की तो मरतच नाही. त्याच्या हाती कुठलीही शक्ती नाही. लोकांचा विश्वास हीच काय ती शक्ती. यावर चित्रपट होणार म्हटल्यावर आमच्यासारख्यांचं काय झालं असेल ते समजा.

१९९६ मध्ये पॅरामाउंटने 'द फँटम' आणला. बिली झेन नायक, सायमन विन्सर दिग्दर्शक. साडेचार कोटी डॉलर खर्च आणि अमेरिकेत कमाई पावणेदोन कोटींच्या आसपास. पडला म्हणजे सपशेल पडला. मी तो फार उशिरा, सीडीवर पाहिला. मला तो आजही प्रिय आहे, आणि कारण सांगतो. त्या काळी सगळ्यांना पडद्यावरचा नायक काळ्या रबरात हवा होता, १९८९ च्या बॅटमॅननंतर तीच चाल पडली होती. या लोकांनी जांभळा पोशाख जांभळाच ठेवला. काळ १९३० च्या दशकातलाच ठेवला. घोडा, लांडगा, कवटीची गुहा, अंगठीची खूण, सगळं जागच्या जागी. नायक हसतमुख, सभ्य. आपल्या माणसाची लाज न बाळगता केलेला चित्रपट आहे तो.

आता तापीकाठ, तुमच्या प्रश्नाकडे येतो. रॉजर एबर्टसारख्या मोठ्या समीक्षकाने त्याला चारपैकी साडेतीन तारे दिले होते. म्हणजे इथे समीक्षक पाठीशी उभा होता आणि प्रेक्षकच आला नाही. वेताळ अमेरिकेत तोवर विस्मरणात गेला होता. ज्या देशांत लोक त्याच्यासाठी जीव टाकत होते, भारत, ऑस्ट्रेलिया, स्वीडन, त्यांच्या भरवशावर हॉलिवूडचं गणित बसत नाही. तेव्हा नुसत्या समीक्षकांना दोष देऊन चालणार नाही.

धुळेकर_ताई

भुसावळ दादांशी सहमत, आणि मी एक पाऊल पुढे जाते. मला समीक्षक हवेत, आणि आपल्या भागाला तर ते जास्तच हवेत.

कॉमिक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झगा आणि मुखवटा येतो. 'पर्सेपोलिस' (२००७) हाही कॉमिकवरचाच चित्रपट आहे. मार्जान सत्रापीने इराणमधलं स्वतःचं बालपण काळ्या-पांढऱ्या चित्रांत मांडलं आणि व्हिन्सेंट पारोनोसोबत स्वतःच पडद्यावर आणलं. कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. बंदी असलेल्या गाण्यांच्या कॅसेट, त्यांची बाजारात गुपचूप होणारी खरेदी, आजीचा सल्ला. असा चित्रपट धुळ्यातल्या बाईपर्यंत कसा पोचला असेल? कुठल्याही पोस्टरने नाही पोचवला. कुणा समीक्षकाने जीव ओतून लिहिलं होतं, ते वाचून मी तो शोधला. 'घोस्ट वर्ल्ड', 'रोड टू पर्डिशन', 'अ हिस्टरी ऑफ व्हायलन्स' हे सगळे कॉमिक्सवरून आलेत हेसुद्धा मला परीक्षणांमुळेच कळलं.

आणि मालेगाव! इथून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभरावर. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी यंत्रमागाच्या गावात सुपरमॅन उडवला. हिरवा पडदा, हाती साधा कॅमेरा आणि तंबाखू-गुटख्याशी लढणारा किडकिडीत नायक, शफिक शेख. फैझा अहमद खानने त्या धडपडीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो २००८ चा, आणि आपल्याकडे थेटरात लागला २०१२ मध्ये. त्या मधल्या चार वर्षांत तो जिवंत ठेवला तो महोत्सवांनी आणि लिहिणाऱ्यांनी. शफिकला कॅन्सर होता, स्वतःला सुपरमॅन म्हणून पडद्यावर पाहिल्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. हे मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा गळा भरून येतो.

रीमा कागतींनी त्याच लोकांवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' केला, सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटोला दाखवला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला तो इथे आला. समीक्षकांनी भरभरून लिहिलं. गर्दी झाली नाही. म्हणजे टक्का चांगला असूनही आपल्या लोकांनी आपल्याच शेजारच्या गावाची गोष्ट बघितली नाही. थंडरबोल्ट्सबद्दल तुम्हाला वाईट वाटतं ना, मला याबद्दल त्याहून जास्त वाटतं.

तापीकाठ, जळगाव

ताई, पर्सेपोलिस आजच शोधतो.

माझा राग समीक्षकांवर नाही, आकड्यावर आहे. तुम्ही ज्यांच्यामुळे तो चित्रपट शोधलात त्यांनी पानभर लिहिलं होतं. आज ते पानभर कुणी उघडत नाही. ते 'अनुकूल' या खान्यात एक खूण होऊन पडतं. खरं तर टक्क्याने सगळ्यात मोठं नुकसान समीक्षकांचंच केलंय.

सातपुडा, शहादा

मी जरा वेगळ्या कारणाने भांडतो. समीक्षकांनी जो चित्रपट पाहिला तो मी पाहिलेलाच नसतो!

त्यांनी पाहिलेला असतो इंग्रजीत, मुंबई-पुण्यातल्या मोठ्या पडद्यावर, उत्तम आवाजात. मी बघतो हिंदी डब, आणि बऱ्याचदा थ्रीडीत. थ्रीडीच्या चष्म्यातून निम्म्याहून जास्त उजेड गळतो. त्यात प्रोजेक्टरचा दिवा जुना असला आणि बदलायला मालकाचा हात धजावत नसला, की पडद्यावर संध्याकाळच. २०२२ चा 'द बॅटमॅन' आठवा. ग्रेग फ्रेझरचं छायाचित्रण, सगळी गोष्ट रात्री आणि पावसात, काळोखातून नुसती बुटांची चाहूल येते आणि मग तो दिसतो. परीक्षणांत त्या काळोखाचं एवढं कौतुक होतं, आणि आमच्या पडद्यावर बुटांच्या आवाजानंतर काय आलं ते शेजारच्याला विचारावं लागलं. नंतर घरी टीव्हीवर पाहिला तेव्हा कळलं हे लोक कशाबद्दल बोलत होते.

डबिंगवर तर कुणी एक ओळ लिहीत नाही. या देशात एवढे लोक हे चित्रपट हिंदीत बघतात. 'एंडगेम' ने २०१९ मध्ये भारतात साडेतीनशे कोटींच्या वर धंदा केला, तो इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला म्हणून. कुठल्या पात्राला कुणाचा आवाज दिला, संवादातला विनोद उतरला का, गंभीर प्रसंगात उगाच टपोरी भाषा घुसवली का, यावर चित्रपटाचं निम्मं यश ठरतं. यावर परीक्षण लिहिणारा मी आजवर पाहिला नाही.

आणि सेन्सॉर. जुलै २०२५ च्या 'सुपरमॅन' मध्ये चुंबनाचा ३३ सेकंदांच्या आसपासचा तुकडा आपल्याकडे कापला. जेम्स गनने उभं केलेलं क्लार्क आणि लोईसचं नातं हा त्या चित्रपटाचा कणा. परदेशातलं परीक्षण अख्ख्या चित्रपटाचं, तिकीट मात्र कापलेल्याचं.

अमळनेरकर

चर्चा छान चाललीय. मी कॉमिक्स चित्रकाराच्या नजरेने वाचतो, तेव्हा थोडं रूपांतराबद्दल, कारण वाट बघणाऱ्यांची निराशा बहुतेक वेळा तिथेच होते.

कॉमिकच्या पानावर वेळ वाचकाच्या हातात असतो. एका चौकटीवर मी पाच मिनिटं थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, अख्खं पान एका नजरेत बघू शकतो. चित्रपटात वेळ दिग्दर्शकाच्या हातात. म्हणून चौकट जशीच्या तशी उचलली की रूपांतर झालं, हा समज चुकीचा. 'वॉचमेन' (कॉमिक १९८६-८७, अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स) बघा. तिथे पानापानाला नऊ सारख्या चौकटी आहेत, घड्याळाच्या ठोक्यांसारख्या एका लयीत. पाचव्या अंकाची रचना तर आरशातल्यासारखी आहे, पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं. झॅक स्नायडरने २००९ मध्ये कितीतरी चौकटी हुबेहूब उभ्या केल्या. रंग, कोन, कपड्यांच्या घड्यासुद्धा. मेहनतीला मनापासून दाद. पण ती लय कुठे आहे? हळू गतीत हाणामारी दाखवली की ती चौकटीसारखी गोठते खरी, पण गिबन्सच्या चौकटीत हिंसा कुरूप होती आणि इथे ती देखणी झाली. समीक्षक दुभंगले ते याच मुद्द्यावर. आणि मला वाटतं, त्यांतले जे नाराज होते त्यांनी कॉमिक नीट वाचलेलं होतं. मूर यांनी तर आपलं नावही चित्रपटाला लावू दिलं नाही.

आता दुसरी बाजू. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८). त्यांनी कुठलंही एक कॉमिक हुबेहूब केलं नाही, छापील कॉमिकचा गुण पकडला. जुन्या छपाईतले रंगाचे ठिपके, रंग रेषेबाहेर थोडा सरकलेला, आवाज अक्षरांत उमटणारे. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट हालचालीत आहे. नवा स्पायडर-मॅन माईल्स नवखा असतो तेव्हा त्याची हालचाल सेकंदाला बारा चित्रांत केलीय आणि शेजारी झेपावणाऱ्या जुन्या स्पायडर-मॅनची, पीटरची, चोवीसमध्ये. माईल्स अडखळतोय हे डोळ्यांना आधी कळतं, संवादातून नंतर. ऑस्कर मिळालं, समीक्षक खूश, वाचक खूश. आंग लीने २००३ च्या 'हल्क' मध्ये पडदाच चौकटींत विभागून बघितला होता, तो प्रयोग लोकांना रुचला नाही. पण त्या धाडसाबद्दल मला ली यांच्याविषयी आदर आहे.

तापीकाठ म्हणतात ते दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. चित्रपट म्हणून उभा राहिला तरच तो माझा बॅटमॅन होतो.

केळीबाग, रावेर

मोठ्या नायकांत आमच्या चिंटूला विसरू नका!

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून 'सकाळ' मध्ये यायचा. आमच्याकडे पेपर उशिरा पोचायचा, पण आला की आधी चिंटू, मग केळीचे भाव. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी त्यावर चित्रपट केला आणि २०१३ मध्ये दुसरा भाग आला. घरातल्या पोरांनी जेवढी वाट पाहिली तेवढीच मीही पाहिली.

अमळनेरकरांच्या मुद्द्याला धरून सांगते. तीन-चार चौकटींत संपणारी गंमत दोन तास कशी ताणायची? वेताळाकडे मोठी गोष्ट तरी आहे. चिंटूकडे फक्त स्वभाव आहेत. तो, मिनी, पप्पू, बगळ्या, आई-पप्पा. रोजच्या पट्टीत कुणी मोठं होत नाही, काही कायमचं बदलत नाही. चित्रपटात मात्र काहीतरी घडावं लागतं. पोरं खूश होऊन बाहेर आली आणि मीही, कारण ती मुलं पेपरातल्यासारखीच एकमेकांशी बोलत होती. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. मुलांच्या मराठी चित्रपटाला समीक्षकांनी "लहानांना आवडेल" म्हणून सोडून देऊ नये, एवढीच इच्छा. नेमकं काय जमलं हे लिहिलं असतं तर पुढच्या करणाऱ्यांना वाट सापडली असती. आज मराठीत कॉमिकवरचा तिसरा चित्रपट सांगा म्हटलं तर मला सुचत नाही.

धरणगाववाला

खरं सांगू का भाऊ, माले तर तो वेताळना पिच्चर भलता आवडना. लोके काय म्हनतस ते म्हनू द्या.

भुसावळ_जंक्शन

धरणगाववाला भाऊ, तुमच्या घरी एकदा यायलाच हवं!

केळीबाग ताईंनी मराठीचं दुखणं बरोबर सांगितलं. हिंदीतही फार वेगळं नाही. राज कॉमिक्सच्या डोगा या नायकावर अनुराग कश्यप चित्रपट करणार, अशी घोषणा झाली होती. पोरांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, चित्रपट आलाच नाही. प्राण यांचे चाचा चौधरी मालिकेत आले, रघुवीर यादवांनी केले, पण मोठ्या पडद्यावर नाही. राज कॉमिक्सचेच नागराज, ध्रुव अजून पानांतच आहेत. ज्यांच्यावर टीका तरी होते ते नशीबवान म्हणायचे. अमेरिकेतला 'बॅटगर्ल' तर चित्रीकरण पूर्ण होऊन ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नरने कायमचा बंद करून टाकला. ना समीक्षकांनी पाहिला, ना चाहत्यांनी. त्यात राबलेल्या माणसांचं मला फार वाईट वाटतं.

आणि चाहत्यांचा हट्ट कधी कधी फळतोही. 'जस्टिस लीग' २०१७ मध्ये दुसऱ्याच दिग्दर्शकाच्या हातून पूर्ण होऊन आला. लोकांनी तीन-चार वर्षं लावून धरलं आणि मार्च २०२१ मध्ये स्नायडरचा चार तासांचा चित्रपट बाहेर आला. समीक्षकांनीही तो आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला म्हटलं. सायबॉर्ग या नायकाची आणि त्याच्या वडिलांची गोष्ट आधीच्यात जवळजवळ कापूनच टाकली होती. तीच त्या चित्रपटाचं काळीज निघाली.

धुळेकर_ताई

त्याच चाहत्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये 'सुइसाइड स्क्वॉड' ला वाईट परीक्षणं मिळाली म्हणून रॉटन टोमॅटोजच बंद करा, असा ऑनलाइन अर्ज काढला होता. चाहते म्हणत होते की हे लोक डीसीच्या, म्हणजे बॅटमॅन-सुपरमॅनच्या कंपनीच्या, विरोधात आहेत. वास्तविक त्या संकेतस्थळात डीसीच्या मालकांचा, वॉर्नरचाच, हिस्सा होता. २०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल' लागायच्या आधीच लोकांनी त्यावर एवढा विखार ओतला की प्रदर्शनापूर्वीच्या प्रतिक्रिया घेणंच रॉटन टोमॅटोजला बंद करावं लागलं. न बघता निकाल लावणं हे समीक्षकांकडून कमी आणि आपल्याकडून जास्त होतं.

सातपुडा, तुझा डबिंगचा आणि उजेडाचा मुद्दा मात्र मला फार पटला. हे कुणीच लिहीत नाही.

सातपुडा, शहादा

ताई, धन्यवाद. पण मार्टिन स्कॉर्सेसींचं काय? २०१९ मध्ये त्यांनी 'एम्पायर' मासिकाला सांगितलं की हे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, मनोरंजन बागेच्या जवळचं काहीतरी आहे. शहाद्याच्या पोराला पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर काही बघून रडू आलं असेल तर ते वुल्व्हरिनवरचा 'लोगन' बघून. तो सिनेमा नाही म्हणायचा?

धुळेकर_ताई

लोगन सिनेमाच आहे. रूपांतरित पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळवणारा तो पहिला सुपरहिरो चित्रपट. म्हातारा झालेला, लंगडत चालणारा नायक आणि आजारी प्रोफेसरची शुश्रूषा. घरात म्हातारं माणूस सांभाळलेल्या प्रत्येकाला तो कळतो.

पण स्कॉर्सेसींचं पुढचं म्हणणंही बघ. थोड्याच दिवसांनी त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स' मध्ये सविस्तर लेख लिहिला. त्यांची मुख्य काळजी पडद्यांची होती. मोठ्या मालिकांनी थेटरं व्यापली की बाकीच्यांना जागा उरत नाही. तू शहाद्यात बसून हेच अनुभवतोस ना? एका शुक्रवारी तोच चित्रपट सगळ्या खेळांना, आणि मालेगावच्या पोरांच्या चित्रपटाला सकाळचा एखादा खेळ, तोही अडचणीच्या वेळी. थंडरबोल्ट्सला दुसरा आठवडा मिळाला नाही म्हणून आपण हळहळतो. सुपरबॉईजला तर पहिलाच धड मिळाला नाही. थेटरवाल्यालाही दोष देता येत नाही, त्याला विजेचं बिल भरायचं असतं. पण आपण मागणी केली तर तो खेळ वाढवतो, हे मी पाहिलं आहे. आमच्याकडे वीस-पंचवीस जणींनी मिळून फोन केला तेव्हा एका मराठी चित्रपटाला संध्याकाळचा खेळ मिळाला.

सातपुडा, शहादा

पटलं. पुढच्या वेळी असा चित्रपट आला तर इथे आधी सांगा, आम्ही शहादा-तळोद्याकडून फोन करू.

अमळनेरकर

आणखी एक. २००९ च्या ऑस्करला 'द डार्क नाइट' सर्वोत्तम चित्रपटाच्या यादीत नव्हता. हीथ लेजरला मरणोत्तर पुरस्कार मिळाला, पण चित्रपट वगळला म्हणून एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी नामांकनं पाचवरून दहा केली, आणि त्या बदलामागे हा चित्रपट होता असं सर्रास मानलं जातं. २०१८ चा 'ब्लॅक पँथर' त्या यादीत आला आणि तीन पुरस्कार घेऊन गेला. 'जोकर' ने २०१९ मध्ये व्हेनिसचा गोल्डन लायन जिंकला. म्हणजे समीक्षक आणि महोत्सव हलतात, पण चांगलं काम सातत्याने समोर आलं तर. म्हणून टक्का बघून थेटर टाळण्यापेक्षा चित्रपट बघून त्यावर नीट लिहिणं मला जास्त मोलाचं वाटतं.

तापीकाठ, जळगाव

अमळनेरकर, मग सुरुवात आपणच करू. डूम्सडे लागला की प्रत्येकाने आधी एवढं लिहायचं: कुठल्या भाषेत पाहिला, टूडी की थ्रीडी, पडदा आणि आवाज कसा होता. मग मूळ कॉमिकमधलं काय आलं आणि काय गेलं. तारे नाहीत, टक्का नाही. सातपुडाने डबिंगवर स्वतंत्र लिहावं ही खास विनंती, कारण तसं कुणीच केलेलं नाही. आणि इथला एखादा लहान चित्रपट त्याच महिन्यात आला तर त्यावरही तेवढंच.

तोवर डूमचं काय काय वाचावं ते कुणी सांगेल का? पोरांना मूळ कॉमिक दाखवायचं आहे.

अमळनेरकर

क्रम असा ठेवा. डूम पहिल्यांदा आला 'फँटास्टिक फोर' च्या पाचव्या अंकात, १९६२ मध्ये, स्टॅन ली आणि जॅक कर्बी. पण पोरांना आधी १९६४ चा दुसरा वार्षिक अंक द्या, त्यात त्याचं बालपण, आईची गोष्ट आणि मुखवटा कसा आला ते आहे. मग १९८९ चं 'ट्रायम्फ अँड टॉर्मेंट', रॉजर स्टर्नची गोष्ट आणि माईक मिन्योलाची चित्रं. डूम दरवर्षी आईच्या आत्म्यासाठी नरकाशी झुंजतो, त्याचा शेवट कसा होतो ते वाचा. खलनायकाबद्दल एवढी माया वाटायला लावणारं दुसरं कॉमिक मला माहीत नाही. त्यानंतर २०१५ चं 'सीक्रेट वॉर्स', जोनाथन हिकमनचं. त्यात सगळी विश्वं संपल्यावर उरलेल्या तुकड्यांवर डूम देव होऊन राज्य करतो. चित्रपट कुठून काय उचलतो ते बघायला हे तिन्ही हाताशी हवेत.

ट्रायम्फ अँड टॉर्मेंट माझ्याकडे आहे. अमळनेरला कुणी येणार असेल तर घेऊन जा, फक्त पानं जपून उलटा.

भुसावळ_जंक्शन

मी पुढच्या आठवड्यात पॅसेंजरने येतोय, आधी मला द्या, मग मी तापीकाठांकडे पोचवतो. येताना मराठी इंद्रजालचे जुने अंक आणतो. धरणगाव वाटेतच आहे, भाऊ स्टेशनवर भेटले तर त्यांनाही वेताळाचा एक अंक.

धरणगाववाला

गाडीना टाइम सांगा दादा, मी येस.